सासरे-०१

न्यायासनापुढे आलेल्या दोन्ही बाजू खरं बोलत होत्या, आणि त्यामुळे न्यायासनाची मोठी पंचाईत झाली होती.

एक बाजू खोटं बोलते, दुसरी थोडं कमी खोटं बोलते, आणि मधे कुठेतरी निकाल लागतो, अशी तिथली रीत. पण लेंबारा नावाचा देश म्हणत होता, आम्ही सैन्य उतरवलेलं नाही. तुसानी नावाचा देशही म्हणत होता, आम्ही सैन्य उतरवलेलं नाही. आणि दोघांच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यावर १४ मार्च २०४३ला सकाळी सैन्य उतरलेलं होतं. यंत्रानं तसं सांगितलं होतं, खात्री ९३ टक्के.

हा वाळूचा पट्टा म्हणजे दोन क्रिकेटची मैदानं शेजारी ठेवली तर जेवढी जागा होईल तेवढा. दिवसातून दोनदा ओहोटीला तीन-तीन तास वर येतो, बाकी वेळ हिंदी महासागराच्या पोटात. त्याच्यावर झाड नाही, घर नाही, पिण्याचं पाणी नाही. लेंबाराच्या नकाशात त्याचं नाव ‘विजयबेट’ आणि तुसानीच्या नकाशात ‘मातृभूमी-दोन’. दोन्ही देशांच्या राज्यघटनेत त्याच्यावर एकेक परिच्छेद आहे. भरतीच्या वेळी सार्वभौमत्व कुठे जातं, याबद्दल दोन्ही घटना गप्प आहेत.

हेग शहरातल्या सीमाबळ न्यायासनाचं काम एका वाक्यात सांगता येतं. एका देशानं दुसऱ्यावर बळ वापरू नये, हा नियम जुना आहे. त्याला मोठा अपवाद एकच, की आपल्यावर सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षण करता येतं, तेही गरजेपुरतं आणि हल्ल्याच्या प्रमाणात. या अपवादामुळे झालं असं, की गेल्या शंभर वर्षांत जगातलं जवळपास प्रत्येक युद्ध दोन्ही बाजूंनी स्वसंरक्षणासाठीच लढलं गेलं. पहिला धोंडा कोणी मारला हे एकदा नक्की कळलं, तर निम्मी भांडणं मिटतील, म्हणून हे न्यायासन स्थापन झालं. आणि पहिला धोंडा कोणी मारला हे सांगायला ते यंत्र.

यंत्राचं अधिकृत नाव अकरा शब्दांचं होतं. लौकिक पराडकर घरी त्याला ‘चुगली’ म्हणायचा.

लौकिक मूळचा मालवणचा, वय चौतीस, न्यायासनाचा कंपनतज्ज्ञ. चुगलीला ऐकायला त्यानंच शिकवलं होतं. तत्त्व साधं. समुद्राच्या तळाशी इंटरनेटच्या काचेच्या तारा पसरलेल्या असतात. तारेत प्रकाशाचा ठोका सोडला की काचेतल्या बारीकसारीक दोषांवर आपटून त्यातला थोडा प्रकाश मागे फिरतो. तारेजवळ कोणी नुसतं पाऊल टाकलं, तरी काच केसाच्या हजाराव्या भागाहूनही कमी ताणली जाते आणि मागे आलेल्या प्रकाशाची लय बदलते. ती लय वाचता आली, की तारेचा दर चार मीटरचा तुकडा एकेक कान होतो. जगभर असे कोट्यवधी कान आधीच पुरून ठेवलेले होते, फक्त त्यांना आजवर कोणी काही विचारलं नव्हतं.

पण कानाला नुसतं ऐकू येऊन भागत नाही, काय ऐकलं तेही कळावं लागतं. त्यासाठी चुगलीच्या पोटात नमुन्यांचे अकराशे खण होते. रणगाडा, देवमासा, तेलवाहू जहाज, भूकंप, लग्नातला बँड. नवा आवाज आला की चुगली तो प्रत्येक खणाशी ताडून बघायची आणि सर्वांत जवळच्या खणाचं नाव सांगायची.

वाळूवरचा आवाज जुळला खण क्रमांक ६१४शी. ‘समुद्रातून किनाऱ्यावर शिस्तबद्ध सशस्त्र उतरण.’

तो खण आजवर एकदाही वापरावा लागला नव्हता. शुक्रवारी दुपारी लौकिकनं त्याची फाइल उघडली आणि नमुन्याचं नाव वाचलं. मग त्यानं फाइल बंद केली, खिडकीपाशी जाऊन ट्यूलिपची फुलं बघितली, परत आला आणि परत वाचलं.

नाव बदललं नव्हतं. ‘सासरे-०१’.

*

रविवारी दुपारी जेवणं चालली होती. लौकिकचे सासरे जनार्दन मालंडकर पंधरा दिवसांसाठी मुलीकडे आले होते आणि येताना त्यांनी सुके बांगडे आणले होते. विमानतळावर त्यांना दीड तास थांबवून ठेवलं होतं. बांगडे शेवटी सोडले, कारण अधिकाऱ्यांनी एक चाखून बघितला.

जनार्दन मालंडकर म्हणजे मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या रापणीचे प्रमुख. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि सगळ्या वाडीनं मिळून ओढायचं. एकेका टोकाला वीस-एकवीस माणसं. ओढता ओढता दोन्ही टोकं एकमेकांकडे सरकत येतात आणि शेवटी मासळीनं भरलेलं जाळं वाळूवर येतं. चाळीस वर्षं दांडीवर मालंडकरांच्या शब्दावर पाय पडत होते आणि उठत होते.

सहा वर्षांपूर्वी, लग्न ठरलं त्या आठवड्यात, होणाऱ्या जावयानं रापणीच्या दोराला हात लावावा असं ठरलं होतं. त्या सकाळी लौकिक आला नाही. पोट दुखतंय असा निरोप आला. तेव्हापासून मालंडकर फोनवर, लग्नात, बारशाला, कुठेही जावई भेटला की पहिला प्रश्न एकच विचारत.

आताही त्यांनी आमटी वाढून घेता घेता विचारलं, “जावयानु, पोट कसा आसा?”

“बरं आहे, बाबा.”

“नाय, जेवनास नाय म्हणान इचारलंय.”

“त्याला ऑफिसचं टेन्शन आहे,” हेमांगी म्हणाली. हेमांगी मालंडकरांची मुलगी, लौकिकची बायको. हेगमध्ये तिचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. अर्ध्या न्यायमूर्तींच्या कंबरा तिच्या हाताखालून गेल्या होत्या. “काय झालंय ते सांगणार आहेस का, की मी तात्पुरता मनाई हुकूम आणू?”

“एक आवाज आहे,” लौकिक म्हणाला. “बाबांनी ऐकावा असं वाटतं.”

“तुमका खरोखरच वायर ऐकूक पगार देतत?” मालंडकरांनी हात धुतले, हेडफोन घेतले आणि डोक्यावर टोपीसारखे ठेवले. हेमांगीनं ते कानांवर ओढले.

लौकिकनं वाळूवरचा आवाज लावला. काचेच्या तारेनं ऐकलेली कंपनं कानाला कळतील अशा वेगात आणलेली होती: थप... थप... थप... आणि मधून एक लांब खरखर. मालंडकरांनी डोळे मिटले. अर्ध्या मिनिटात उघडले.

“रापण आसा.”

“नक्की?”

“जावयानु, ज्या मानसाक रापणीदिवशी पोटदुखी जाता, तेना माका नक्की म्हणान इचारू नये.” त्यांनी परत डोळे मिटले. “पण ही एका गावची नाय हां. उजव्या टोकाची मानसां टाच आधी टेकवतत. डाव्या टोकाची चवडो. शिकवणारे येगळे. पण ताल एकच. खूप वर्षां एकत्र ओढतत ही.” मग ते हसायला लागले. “आणि मासो गावलो तेंका. बरोच गावलो.”

“हे कशावरून, बाबा?” हेमांगीनं विचारलं.

“शेवटाक आयक ना. चालनत नाय. नाचतत.”

लौकिक खाली बसला. खुर्ची थोडी बाजूला होती, पण हेमांगीनं वेळेवर सरकवली.

“आता दुसरा ऐका,” तो म्हणाला, आणि त्यानं खण ६१४ लावला.

या वेळी मालंडकरांना दहा सेकंद पुरले. “ही तर माझी. दांडी.” चेहरा हळूहळू गंभीर झाला. “डाव्या टोकाक एक मानूस कमी आसा. एकवीस नाय, वीस. म्हणान डावो पाय मागे पडता.” त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. “ह्यो दिवस माका आठवता.”

सुके बांगडेसुद्धा अवघडल्यासारखे दिसत होते.

“पोट दुखतंय असं तू मलाही सांगितलं होतंस,” हेमांगी म्हणाली.

मग लौकिकनं सगळं सांगितलं. यंत्राला सैन्याच्या उतरणीचा नमुना हवा होता. त्यानं बत्तीस देशांच्या लष्करांना पत्रं लिहिली. एकतिसांनी उत्तर दिलं नाही, एकानं कॅलेंडर पाठवलं. यंत्र सोपवायची तारीख जवळ आली. चाळीस माणसं, ओली वाळू, एका तालात पावलं, समुद्रातून काहीतरी जड ओढून आणणं: असा आवाज जगात आणखी कुठे मिळतो हे त्याला माहीत होतं. दांडीच्या किनाऱ्यावर तार येते तिथे एक खोली आहे. रापणीच्या दिवशी तो दोराऐवजी त्या खोलीत बसला होता, कानाला हेडफोन लावून. तात्पुरता नमुना म्हणून भरू, खरा मिळाला की बदलू, असं म्हणून भरला. मग लग्न झालं, हेगला आले, राहून गेलं.

“म्हणजे,” मालंडकर सावकाश म्हणाले, “जगात खयचाय सैन्य उतरला, तर ता माझ्याशी ताडून बघतत?”

“तत्त्वतः, हो.”

“सगळी लष्करां?”

“हो.”

“आणि माका कोणी कळवल्यान नाय!” मालंडकर उठून उभे राहिले. त्यांची छाती आणि सदऱ्याचं वरचं बटण यांच्यात काही क्षण सीमावाद झाला. चष्मा शोधून त्यांनी फोन हातात घेतला. हेमांगीनं तो काढून घेतला.

“बाबा, हे गुप्त आहे. लौकिक, पुढे काय होणार ते सांग.”

“मी उद्या साक्ष द्यायची. मी गप्प बसलो, तर सैन्य उतरलं हे सिद्ध होणार. दोन्ही देश म्हणणार, दुसऱ्यानं उतरवलं. परवापासून दोघं स्वसंरक्षण सुरू करणार.”

“कोणापासून?”

“एकमेकांच्या स्वसंरक्षणापासून. दोघांचं मिळून नौदल म्हणजे पाच बोटी. त्यातल्या एकीवर अजून आधीच्या मालकाच्या आइसक्रीमचं चित्र आहे. पण दोघांना मोठ्या मित्रांनी क्षेपणास्त्रं दिली आहेत. ती नवीन आहेत. त्यांच्यावर चित्र नाही.”

“आणि बोललास तर?”

“तर माझी नोकरी जाईल. नोकरी गेली की व्हिसा. व्हिसा गेला की तुझा दवाखाना.”

हेमांगीनं ताटं गोळा केली. त्या घरात ‘सूचना न देता टीव्ही बंद करणं हा बळाचा वापर आहे का’ यावर तीन वर्षं खटला चालू होता. पण आज तिनं एकही कलम काढलं नाही. सिंकपाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, “कंबरा मालवणातही दुखतात.”

मालंडकर बराच वेळ हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसले होते. “जावयानु,” ते म्हणाले, “एकान दोर सोडलो, की मागचे सगळे उताणे पडतत. तुमी एकदा सोडलास. आता धरलासा तो सोडू नको.” मग त्यांना आठवलं की जावयाशी बोलतोय. “नका,” त्यांनी दुरुस्ती केली.

*

सोमवारी न्यायासन खचाखच भरलं होतं. समोर नऊ न्यायमूर्ती, मधोमध अध्यक्षा इंगेबोर्ग हाल्स, सत्तरीच्या, सडपातळ, चेहऱ्यावर कोणताही पूर्वग्रह किंवा अन्य भाव नसलेल्या. उजवीकडे लेंबाराचे प्रतिनिधी श्री. ओसेन, डावीकडे तुसानीच्या प्रतिनिधी श्रीमती फेराई. ही दोघं चौदा वर्षं समोरासमोर बसत आली होती आणि त्या काळात एकदाही कशावर एकमत झालेलं नव्हतं. खिडकी उघडावी की नाही, यावरही लेखी निवेदनं सादर झाली होती.

ओसेन उठले. “साक्षीदारांना विचारतो. यंत्रानं ज्या नमुन्याशी तुलना केली त्याचं नाव ‘सासरे-०१’. हे कोणत्या लष्कराच्या सरावाचं सांकेतिक नाव आहे?”

“लष्कराच्या नाही,” लौकिक म्हणाला. “सासऱ्यांच्या.”

फ्रेंच दुभाष्यानं हेडफोन काढले, घोटभर पाणी घेतलं, आणि परत लावले.

“साक्षीदारानं खुलासा करावा,” हाल्सबाई म्हणाल्या.

लौकिकनं खुलासा केला. दांडी, रापण, बत्तीस पत्रं, एक कॅलेंडर, आणि पोटदुखी. सगळं सांगायला वीस मिनिटं लागली. शेवटची दोन मिनिटं त्यानं पायांकडे बघत सांगितली. न्यायासनात इतकी शांतता होती की इमारतीखालच्या तारेनं ती नोंदवली असती.

“म्हणजे यंत्र ९३ टक्के खात्रीनं नेमकं काय सांगतंय?” हाल्सबाईंनी विचारलं.

“की त्या वाळूवर जे झालं, ते माझ्या सासऱ्यांच्या मासेमारीसारखं होतं.”

“आणि उरलेले सात टक्के?”

“मासे वेगळे असतील.”

दोन्ही प्रतिनिधी एकदम उभे राहिले.

“विजयबेटावर मासेमारी होत नाही!” ओसेन म्हणाले. “आमच्या नागरिकांना तिथे जायला कायद्यानं बंदी आहे.”

“मातृभूमी-दोनवरही होत नाही!” फेराई म्हणाल्या. “आमच्याही.”

“दोन्ही बाजू सहमत आहेत, अशी नोंद घ्यावी,” हाल्सबाई म्हणाल्या. लेखनिकानं दोनदा विचारून खात्री केली, मग नोंद घेतली.

आता प्रश्न पडला, की साक्षीदाराचं खरं मानायचं की यंत्राचं. साक्षीदार म्हणत होता, यंत्र मी शिकवलं तेच सांगतं. यंत्राला विचारलं तर ते म्हणालं, ९३ टक्के. हाल्सबाईंनी चष्मा पुसला. “न्यायासनाच्या नियमावलीत प्रात्यक्षिकाला जागा आहे. जाळ्याचा उल्लेख नाही, पण मनाईही नाही. ते सासरे उपलब्ध आहेत का?”

“बाहेर बाकावर बसलेत,” लौकिक म्हणाला. “डबा घेऊन.”

*

बुधवारी सकाळी दहा वाजता, ओहोटी लागताना, सीमाबळ न्यायासन हेगजवळच्या शेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर हजर झालं. नऊ न्यायमूर्ती, लेखनिक, दुभाषे, दोन्ही देशांची शिष्टमंडळं, सगळे पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून. जाळं एका मासेमारी संग्रहालयानं दिलं होतं, पाच वाजेपर्यंत परत करण्याच्या बोलीवर. नगरपालिकेनं परवाना दिला होता; ‘प्रयोजन’ या रकान्यात ‘न्यायदान’ असं लिहिलेलं होतं. परवाना बघायला एक कारकून आला होता आणि छत्री घेऊन बाजूला उभा होता. किनाऱ्याखालून एक तार जात होती, ती चुगलीला जोडलेली होती. लौकिक एका तंबूत उपकरणापाशी हेडफोन लावून बसला होता. तेच त्याचं काम होतं. त्याला अजून नोकरीवरून काढायला कोणाला वेळ मिळाला नव्हता.

कोणी कुठे उभं राहायचं यावर राजशिष्टाचार विभागानं दोन दिवस चर्चा केली होती. मालंडकरांनी ते चार मिनिटांत उरकलं. मुलगी शेजारी उभी राहून इंग्रजीत सांगत होती.

“वजनदार मानसां मागे. हलकी फुडे. तेंका सांग, न्यायमूर्ती म्हणान कोण नुसतो उभो रवाचो नाय.”

“बाबा, ह्या अध्यक्षा आहेत.”

मालंडकरांनी हाल्सबाईंकडे नजर टाकली. “चाळीस किलो. फुडे.”

हाल्सबाई पुढे गेल्या. त्यांच्या कंबरेचा इतिहास माहीत असल्यानं हेमांगीनं त्यांना गुडघ्यातून वाकायला सांगितलं.

लेंबारा उजव्या टोकाला, तुसानी डाव्या टोकाला, न्यायव्यवस्था दोन्हीकडे विभागून. होडी जाळं टाकून आली. मालंडकरांनी हात वर केला. “होऽऽ या!”

ओढाओढ सुरू झाली. पहिली पाच मिनिटं ती नुसतीच ओढाओढ होती. आंतरराष्ट्रीय कायद्याला एकत्र पाऊल टाकायची सवय नव्हती. मग हळूहळू पायांना वाळू कळली, हातांना दोर कळला, आणि ताल लागला. तंबूत लौकिकच्या कानात थप... थप... येऊ लागलं.

आणि त्याला ते ऐकू आलं. उजवं टोक सरळ चालत होतं. डावं टोक अर्धा ठोका मागे पडत होतं. त्यानं माणसं मोजली. उजवीकडे एकवीस. डावीकडे वीस. तुसानीचा ड्रायव्हर सर्दी झाली म्हणून आला नव्हता.

सहा वर्षांपूर्वी त्या खोलीत त्यानं हाच आवाज ऐकला होता. हेच लंगडणं. तेव्हा त्याला वाटलं होतं, किती स्पष्ट येतंय.

बाहेर मालंडकर ताल देत होते. त्यांनी तंबूकडे पाहिलं. हाक मारली नाही. नुसतं पाहिलं, आणि परत समुद्राकडे वळले.

उपकरणापाशी माणूस नसेल तर प्रात्यक्षिक ग्राह्य धरायचं की नाही, याबद्दल नियमावली काय म्हणते हे लौकिकला नीट माहीत होतं. नियम त्यानंच लिहिला होता. त्यानं हेडफोन काढून खुर्चीवर ठेवले, बूट काढले आणि धावत जाऊन डाव्या टोकाला सगळ्यांच्या मागे दोर धरला.

दोर ओला, थंड आणि खरखरीत होता. तळहात लगेच सोलवटला. तीन पावलांत डावं टोक सरळ झालं, हे त्याला कानांनी नाही, पायांनी कळलं.

त्याच्या पुढेच श्रीमती फेराई होत्या. त्यांनी उंच टाचांची पादत्राणं कधीच फेकून दिली होती. चवडे वाळूत रोवून, अंग मागे टाकून, त्या अशा ओढत होत्या की मागच्या माणसाला काम उरू नये. आणि त्या पुटपुटत होत्या. दोर जड झाला, जाळं जवळ आलं, तसं त्यांचं पुटपुटणं मोठं होत गेलं आणि शेवटी, चौदा वर्षं फक्त ‘आक्षेप’ हा शब्द उच्चारलेल्या त्या गळ्यातून एक खणखणीत आरोळी निघाली:

“हे लाऽऽ सो!”

आणि उजव्या टोकावरून, टाचा रोवून उभ्या असलेल्या ओसेनसाहेबांच्या तोंडून, विचार करायला वेळच न मिळाल्यानं, उत्तर गेलं:

“सो लाऽऽ हे!”

दोघं थबकले. न्यायमूर्ती थबकले. दोन देशांमध्ये पंच्याहत्तर वर्षं दळणवळण नव्हतं, असं दोघांनीही प्रतिज्ञापत्रावर सांगितलेलं होतं.

“थांबू नका!” मालंडकर ओरडले. “मासो जाता!”

सगळे परत ओढू लागले. आता ती आरोळी दोन्ही टोकांवरून येत होती, दोन्ही शिष्टमंडळांतून, आणि तिसऱ्या फेरीला फ्रेंच दुभाषाही ती विनाभाषांतर म्हणू लागला. जाळं वाळूवर आलं. चपटे मासे, काही खेकडे, एक सायकलचं चाक. लोक नाचायला लागले. हाल्सबाई नाचल्या नाहीत. पण त्यांचा ओला झगा दोनदा हलला आणि त्या वेळी वारा नव्हता.

तेवढ्यात तंबूतून चुगलीचा आवाज आला. विचारायला कोणी नव्हतं, म्हणून तिनं आपणहून सांगितलं: “शिस्तबद्ध सशस्त्र उतरण. खात्री ९६ टक्के. हल्ला झालेला देश: नेदरलँड्स. हल्लेखोर: सीमाबळ न्यायासन.”

सगळ्यांच्या नजरा छत्रीवाल्या कारकुनाकडे वळल्या. त्या किनाऱ्यावर नेदरलँड्सचा तेवढाच एक अधिकारी होता.

“आपला देश स्वसंरक्षणाचा हक्क बजावणार का?” हाल्सबाईंनी रीतसर विचारलं.

कारकुनानं परवाना उलटून पाहिला. “पाच वाजेपर्यंत आवरा,” तो म्हणाला.

मग वाटे पडले. दोराला ज्यानं हात लावला त्याला वाटा, सगळ्यांना सारखा. रापणीत हुद्दा नसतो. मालंडकरांनी वाळूवर ढीग मांडले. ओसेन आणि फेराई शेजारी शेजारी बसून आपापले मासे कागदात गुंडाळत होते.

“मी अकरा वर्षांचा होईपर्यंत उजव्या टोकाला होतो,” ओसेन मान वर न करता म्हणाले. “एका टोकाला पुरतील एवढीच माणसं आमच्या बेटावर होती.”

“माहीत आहे,” फेराई म्हणाल्या. “तुमचे काका दोर मनगटाला गुंडाळायचे. आम्ही हसायचो.”

“चौदा वर्षं ओळख दाखवली नाहीत.”

“तुम्ही दाखवलीत?”

*

निकाल अकरा पानांचा आला. त्यातलं एकच वाक्य पुढे सगळीकडे उद्धृत झालं: ‘त्या वाळूवर बळाचा वापर झाला, हे सिद्ध होते, परंतु तो दोन्ही देशांच्या नागरिकांनी एकाच दिशेने, समुद्राविरुद्ध, आणि माशांच्या प्रमाणात केलेला आहे.’ क्षेपणास्त्रं मित्रांकडे परत गेली. आइसक्रीमच्या चित्राची बोट आता ओहोटीला वाळूकडे माणसं घेऊन जाते, एक फेरी लेंबाराहून, एक तुसानीहून.

लौकिकची नोकरी गेली नाही. त्याला साक्षीदाराच्या जागेवरून हटवण्यात आलं आणि खण ६१४ खऱ्या नमुन्यानं भरण्याची शिक्षा झाली. त्यानं पुन्हा बत्तीस पत्रं लिहिली. या वेळी दोन कॅलेंडरं आली. खण रिकामाच आहे. समुद्रातून काही किनाऱ्यावर आलं की चुगली हल्ली म्हणते, ‘ह्याचा अनुभव नाही,’ आणि जगाला तेवढंही पुरतंय असं दिसतं.

मात्र अकराशेएकावा खण नवा उघडला. मालंडकर परत निघाले त्या सकाळी, सामान दारात असताना, लौकिकनं शेवेनिंगेनची नोंद त्यांना ऐकवली. त्यांनी या वेळी हेडफोन स्वतःच कानांवर ओढले, डोळे मिटले आणि शेवटपर्यंत ऐकली, नाचण्यासकट.

“डावो पाय?” लौकिकनं विचारलं.

“सरळ.”

लौकिकनं नमुन्याचं नाव लिहिलं: ‘सासरे-०२’. खाली रकाना होता, ‘माणसं’. त्याचं बोट थांबलं.

“बेचाळीस,” मालंडकर म्हणाले. “लिवा.”

त्यानं लिहिलं. टॅक्सी आली. मालंडकरांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, पिशवी उचलली, जावयाचा सोलवटलेला तळहात उलटसुलट करून पाहिला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच पोटाची चौकशी न करता गाडीत बसले.